विचार स्वीकारणारे, नाव नाकारणारे : ‘लिबर्टेरियन’ या संज्ञेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

राजकीय विचारांच्या इतिहासात विचारप्रणाली आणि तिचे नाव यांचा प्रवास नेहमीच बरोबरीने होतो असे नाही. कधी नाव आधी रूढ होते आणि आशय मागाहून भरला जातो, तर कधी आशय जुना असूनही त्याला सर्वमान्य नाव मिळत नाही. व्यक्तीचे स्वातंत्र्य, खाजगी मालमत्ता, खुली बाजारपेठ आणि मर्यादित शासन या चार तत्त्वांभोवती विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या विचाराला इंग्रजीत ‘लिबर्टेरियन’ असे नाव मिळाले. परंतु ज्यांच्या लेखनावर या विचाराची उभारणी झाली, त्यांच्यापैकी अनेकांनी हे नाव स्वतःला लावून घेण्यास नकार दिला. फ्रेडरिक हायेक यांना ते रुचले नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी बराच काळ दुसऱ्याच नावाला पसंती दिली. आयन रँड यांनी तर या नावाने काम करणाऱ्या मंडळींवर कठोर टीका केली. भारतात सी. राजगोपालाचारी, मिनू मसानी आणि शरद जोशी यांनीही आपापल्या कार्यासाठी वेगळीच नावे निवडली.

हा नकार केवळ शब्दांच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. नाव स्वीकारले की त्याबरोबर त्या नावाचा पूर्वेतिहास, त्या नावाने वावरणारे सहप्रवासी आणि त्या नावाखाली गृहीत धरली जाणारी सर्व अनुमाने स्वीकारावी लागतात. प्रस्तुत लेखात या नकारामागील कारणांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला असून, मुंबई व महाराष्ट्रातील या विचाराचा प्रवास त्या संदर्भात तपासला आहे.

संज्ञेचा पूर्वेतिहास

‘लिबर्टेरियन’ हा शब्द मुळात राजकीय नव्हता. १७८९ मध्ये विल्यम बेल्शम या इंग्रज लेखकाने तो तत्त्वज्ञानाच्या चर्चेत वापरला. मानवाची इच्छा स्वतंत्र आहे की कार्यकारणाच्या साखळीने बांधलेली आहे, या वादात इच्छास्वातंत्र्य मानणाऱ्यांसाठी त्याने ही संज्ञा योजली होती. तिचा राज्यसंस्थेशी संबंध नव्हता.

या शब्दाला राजकीय अर्थ मिळाला तो फ्रेंच भाषेत, आणि तोही समाजवादी परंपरेत. जोसेफ देजाक या अराज्यवादी लेखकाने १८५७ मध्ये प्रूदाँ यांना लिहिलेल्या पत्रात ‘लिबर्तेर’ हा शब्द वापरला. प्रूदाँ यांची स्त्रियांविषयीची मते प्रतिगामी असून, स्त्रीपुरुष समता न मानणारा मनुष्य खऱ्या अर्थाने स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता होऊ शकत नाही, असा देजाक यांचा आक्षेप होता. पुढे १८५८ ते १८६१ या काळात देजाक यांनी न्यूयॉर्कहून ‘ल लिबर्तेर’ नावाचे पत्र चालविले. १८९३-९४ मध्ये फ्रान्समध्ये अराज्यवाद्यांविरुद्ध कडक कायदे झाल्यावर हा शब्द अधिक प्रचारात आला. १८९५ मध्ये सेबास्तियाँ फोर आणि लुईझ मिशेल यांनी त्याच नावाचे पत्र नव्याने सुरू केले. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द राज्यसंस्था आणि भांडवलशाही या दोहोंना विरोध करणाऱ्यांचा होता. नोम चॉम्स्की यांच्यासारखे विचारवंत विसाव्या शतकातही ‘लिबर्टेरियन समाजवाद’ हा शब्दप्रयोग करीत राहिले, तो याच परंपरेला अनुसरून.

खाजगी मालमत्ता आणि मुक्त बाजारपेठ यांच्या पुरस्कर्त्यांनी हा शब्द घेतला तो अमेरिकेत, आणि त्यामागे एका दुसऱ्या शब्दाची हानी होती. युरोपात ज्याला ‘लिबरल’ म्हणत, त्या शब्दाचा अमेरिकेतील अर्थ १९३३ नंतर, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’च्या काळात पालटला. आर्थिक जीवनात शासनाने पुढाकार घ्यावा असे मानणारे लोक स्वतःला ‘लिबरल’ म्हणवू लागले. परिणामी जुन्या अर्थाच्या उदारमतवाद्यांना स्वतःच्याच नावाने ओळखले जाणे कठीण झाले. लुडविग फॉन मिझेस यांचा उदारमतवादावरील १९२७ चा जर्मन ग्रंथ १९६२ मध्ये इंग्रजीत आला, तेव्हा त्याच्या शीर्षकातून ‘लिबरॅलिझम’ हा शब्द वगळून ‘द फ्री अँड प्रॉस्परस कॉमनवेल्थ’ असे वेगळे नाव द्यावे लागले. यावरून या कोंडीची कल्पना येते. १९५५ मध्ये डीन रसेल यांनी ‘फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक एज्युकेशन’ या संस्थेच्या प्रकाशनातून असा प्रस्ताव मांडला की, ‘लिबरल’ हा शब्द हातचा गेला असल्याने स्वातंत्र्यप्रेमी लोकांनी ‘लिबर्टेरियन’ हा शब्द आपल्यासाठी राखून ठेवावा. मरे रॉथबर्ड यांनी पुढे या घटनेचे वर्णन प्रतिपक्षाकडून शब्द जिंकून घेतल्याचा आनंद व्यक्त करीतच केले.

येथे पहिल्या प्रकारच्या नकाराचे मूळ दिसते. जो शब्द पर्याय म्हणून शोधून काढला, तो ज्यांना मूळ शब्दाचा वारसा प्रिय होता त्यांना समाधान देऊ शकत नव्हता.

हायेक : परंपरा नसलेल्या शब्दाविषयीची नाराजी

१९४७ च्या एप्रिल महिन्यात स्वित्झर्लंडमधील माँ पेलेराँ येथे हायेक यांच्या पुढाकाराने अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार व तत्त्वज्ञ यांची परिषद भरली. युद्धोत्तर युरोपात नियोजनवादाचा प्रभाव वाढत असताना उदारमतवादी विचाराचे पुनरुज्जीवन करणे हा तिचा हेतू होता. परिषदेतून स्थायी संस्था निर्माण करण्याचे ठरले. परंतु नावावर एकमत होईना. हायेक यांनी लॉर्ड ॲक्टन आणि तोकव्हील यांची नावे सुचविली होती. दोन कॅथलिक उमरावांच्या नावाने ही संस्था ओळखली जाऊ नये, असा आक्षेप फ्रँक नाइट यांनी घेतला. अखेरीस जेथे परिषद भरली त्या स्थळाचेच नाव संस्थेला देण्यात आले. स्वातंत्र्यवादी विचाराच्या सर्वांत प्रभावी संस्थेचे नाव तिच्या विचाराविषयी काहीच सांगत नाही, ही बाब लक्षणीय आहे.

हायेक यांनी १९५७ च्या याच संस्थेच्या अधिवेशनात एक निबंध वाचला आणि तो १९६० मध्ये ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’ या ग्रंथाला पुरवणी म्हणून जोडला. आपण सनातनी का नाही, हे सांगणे हा त्या निबंधाचा मुख्य विषय आहे. सनातनी मनुष्य बदलाला भितो आणि सत्ता योग्य हाती असल्यास तिच्या वापराला आक्षेप घेत नाही. उदारमतवाद्याचा आक्षेप मात्र सत्तेच्या अमर्याद असण्यालाच असतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. याच निबंधात त्यांनी नावाचा प्रश्नही घेतला. ‘लिबर्टेरियन’ हा शब्द त्यांना बनावट, घडविलेला आणि बदली म्हणून आणलेला वाटला. स्वतःसाठी त्यांनी ‘जुना व्हिग’ हे वर्णन अधिक पसंत केले. सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजसत्तेला कायद्याच्या चौकटीत आणणाऱ्या परंपरेशी त्यांना नाते जोडावयाचे होते.

हायेक यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य ही तर्काने रचलेली व्यवस्था नसून रूढी, न्यायनिवाडे आणि संस्था यांच्या दीर्घ उत्क्रांतीतून आलेली गोष्ट होती. ज्या शब्दाला असा इतिहास नाही, तो अशा विचाराचे वहन करू शकणार नाही, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. शिवाय आशयातही अंतर होते. ‘द रोड टू सर्फडम’ (१९४४) आणि नंतरच्या ग्रंथातही हायेक यांनी निराधारांसाठी किमान जीवनमानाची हमी शासनाने द्यावी, हे मान्य केले आहे. शासनाचे कार्य केवळ पोलीस, न्यायालय व संरक्षण एवढेच असावे असे मानणाऱ्यांना ही सवलत अमान्य होती.

फ्रीडमन यांची भूमिका याहून सौम्य होती. ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ (१९६२) मध्ये त्यांनी ‘लिबरल’ हा शब्द मूळ अर्थाने वापरण्याचा आग्रह धरला आणि तो शब्द सोडून देण्याची अनिच्छा व्यक्त केली. त्याच ग्रंथात त्यांनी गरिबांसाठी ऋण आयकराची आणि शिक्षणासाठी व्हाउचरची योजना मांडली. म्हणजे शासनाचा पैसा वापरण्यास त्यांचा विरोध नव्हता, तो खर्च करण्याच्या पद्धतीला होता. उत्तरायुष्यात त्यांनी तत्त्वाने ‘लिबर्टेरियन’ आणि पक्षाने रिपब्लिकन असे आपले वर्णन केले. मात्र हे करताना त्यांनी लहान ‘एल’चा लिबर्टेरियन असा खुलासा आवर्जून केला. विचार आणि त्याच नावाचा पक्ष यांत अंतर ठेवण्याची त्यांना गरज भासली, हे या खुलाशातून स्पष्ट होते.

रँड आणि नोझिक : पायाचा प्रश्न

तो पक्ष म्हणजे डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात स्थापन झालेला ‘लिबर्टेरियन पार्टी’. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याचे उमेदवार तत्त्वज्ञ जॉन हॉस्पर्स होते. त्यांना देशभरात चार हजारांहूनही कमी मते मिळाली. मात्र व्हर्जिनियातील रॉजर मॅकब्राइड या रिपब्लिकन निर्वाचकाने आपले मत या पक्षाच्या उमेदवारांना दिल्यामुळे पक्षाला एक निर्वाचक मत प्राप्त झाले.

या पक्षाचे अनेक कार्यकर्ते आयन रँड यांच्या कादंबऱ्या वाचून या विचाराकडे वळले होते. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेल्या आणि बोल्शेविक क्रांतीनंतर कुटुंबाची मालमत्ता गमावलेल्या रँड १९२६ मध्ये अमेरिकेत आल्या. ‘द फाउंटनहेड’ (१९४३) व ‘ॲटलस श्रग्ड’ (१९५७) या कादंबऱ्यांनी त्यांना मोठा वाचकवर्ग दिला. त्यांच्या अनुयायांनी पक्ष काढला असता त्या प्रसन्न होतील अशी अपेक्षा होती; घडले उलट. आपण भांडवलशाहीचे मूलगामी समर्थक आहोत, असे त्या म्हणवून घेत. परंतु ‘लिबर्टेरियन’ हे नाव त्यांनी झिडकारले आणि त्या मंडळींना उजव्या बाजूचे हिप्पी ठरविले.

त्यांच्या आक्षेपाचे स्वरूप हायेक यांच्या आक्षेपाच्या नेमके विरुद्ध होते. रँड यांच्या मते राजकारण हे तत्त्वज्ञानाच्या आधीच्या दालनांवर उभे असते. प्रथम वास्तव, मग ज्ञान, मग नीती आणि त्यानंतर राजकारण असा क्रम त्या मानीत. व्यक्तीने स्वतःच्या हितासाठी जगणे नैतिक आहे हे सिद्ध केल्यावरच तिच्या हक्कांचे समर्थन करता येते. ‘लिबर्टेरियन’ मंडळी मात्र कोणत्याही नैतिक पायावरून आलेल्या माणसाला सामावून घेत. धार्मिक श्रद्धेने स्वातंत्र्य मानणारा, उपयुक्ततावादी आणि राज्यसंस्थाच नको म्हणणारा अराज्यवादी हे सारे एकाच मंडपात बसत. ही व्यापकता रँड यांना पायाचा अभाव वाटली. त्यातही रॉथबर्ड यांच्या मताप्रमाणे पोलीस व न्यायालयेही बाजारावर सोपविणे त्यांना सर्वस्वी अमान्य होते. कारण बळाचा वापर कायद्याने नियंत्रित करणारी एकच संस्था असल्याशिवाय हक्कांचे रक्षण होऊ शकत नाही, अशी त्यांची धारणा होती.

हायेक यांना नावात परंपरेचा अभाव दिसला, तर रँड यांना सिद्धांताचा. दोघेही एकच नाव नाकारतात, पण एकमेकांची कारणे त्यांना मान्य झाली नसती. ‘लिबर्टेरियन’ या नावाखाली एकत्र केल्या जाणाऱ्या विचारांत किती खोल मतभेद होते, याचा हा पुरावा होय.

रॉबर्ट नोझिक यांचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे आहे. ‘ॲनार्की, स्टेट अँड यूटोपिया’ (१९७४) या ग्रंथाने या विचाराला विद्यापीठीय तत्त्वज्ञानात प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द एक्झामिन्ड लाइफ’ मध्ये त्यांनी आपली पूर्वीची भूमिका गंभीररीत्या अपुरी वाटत असल्याचे नमूद केले. समाजाने एकत्र येऊन काही गोष्टींना प्रतीकात्मक मान्यता देणे, परस्परांविषयीची आस्था शासनाद्वारे व्यक्त करणे, यांना जुन्या मांडणीत जागा नव्हती. नोझिक यांनी स्वातंत्र्याचा विचार पूर्णतः सोडला नाही. पण एका शब्दात आपला सर्व विचार मावतो हा दावा त्यांनी पुढे केला नाही.

मुंबईतील एका संस्थेचा प्रवास

भारतात हा शब्द प्रथम कोठे रुजला याचा शोध मुंबईकडे नेतो. रणछोडदास भवन लोटवाला हे मुंबईतील धनिक उद्योजक. १९२१ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका लिहिली, तेव्हा लोटवाला यांचे लक्ष या तरुणाकडे गेले. १९२२ मध्ये डांगे यांनी सुरू केलेल्या ‘सोशलिस्ट’ या पत्राला लोटवाला यांचे साहाय्य होते. म्हणजे भारतीय साम्यवादाच्या आरंभकाळाशी त्यांचा निकटचा संबंध होता.

पुढे लोटवाला यांच्या आश्रयाने मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सोशिऑलॉजी’ ही संस्था चालली. एम. पी. टी. आचार्य हे तिच्याशी संबंधित होते. आचार्य १९२० मध्ये ताश्कंद येथे भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी एक होते; परंतु रशियातील अनुभवानंतर ते अराज्यवादाकडे वळले आणि १९३५ मध्ये मुंबईस परतले. त्यांच्या प्रभावाने १९४७ मध्ये संस्थेचे नाव ‘लिबर्टेरियन सोशॅलिस्ट इन्स्टिट्यूट’ असे झाले. येथे ‘लिबर्टेरियन’ हा शब्द देजाक यांच्या परंपरेतील, म्हणजे राज्यविरोधी समाजवादाच्या अर्थाने आला होता. १९५४ मध्ये आचार्य यांचे निधन झाले. १९५० च्याच दशकात लोटवाला यांच्याच आश्रयाखाली ‘द इंडियन लिबर्टेरियन’ हे इंग्रजी नियतकालिक निघू लागले, आणि त्याची भूमिका मुक्त अर्थव्यवस्था व मर्यादित शासन यांची होती.

फ्रान्स आणि अमेरिका मिळून ज्या अर्थांतराला जवळजवळ एक शतक लागले, ते मुंबईतील एकाच आश्रयदात्याच्या छायेत सुमारे एका दशकात घडून आले. यात लोटवाला यांची व्यक्तिगत चंचलता पाहण्यापेक्षा एक सातत्य पाहणे अधिक योग्य ठरेल. केंद्रीभूत सत्तेविषयीचा संशय त्यांच्या विचारात वाढत गेला. सोव्हिएत राज्यसंस्थेच्या अनुभवानंतर तो प्रथम अराज्यवादी समाजवादाकडे आणि नंतर मुक्त बाजाराकडे वळला. मात्र ज्या शब्दाचा अर्थ एकाच संस्थेत इतका पालटला, तो व्यापक राजकीय चळवळीचे नाव होण्यास सोयीचा नव्हता, हेही खरे.

समकालीन मुंबईतील इतरांनी हा शब्द टाळल्याचे दिसते. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये काढलेल्या संस्थेचे नाव ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ असे होते. श्रॉफ हे १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर सही करणाऱ्यांपैकी एक, आणि त्या योजनेत आर्थिक विकासासाठी शासनाच्या मोठ्या भूमिकेला मान्यता होती. अशा पार्श्वभूमीच्या उद्योगपतींना शासनाला केवळ रक्षकाच्या भूमिकेत पाहणारे नाव परवडणारे नव्हते.

स्वतंत्र पक्ष : नाव निवडण्याचे राजकारण

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच वर्षी त्याला उत्तर म्हणून स्वतंत्र पक्षाची स्थापना झाली. सी. राजगोपालाचारी, एन. जी. रंगा, मिनू मसानी आणि कन्हैयालाल मुन्शी हे त्याचे प्रमुख नेते. १९६२ मध्ये लोकसभेत १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा मिळवून हा पक्ष प्रमुख विरोधी पक्ष झाला. १९७१ मध्ये तो ८ जागांवर आला आणि १९७४ मध्ये भारतीय लोक दलात विलीन झाला.

‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग राजाजींनी रूढ केला. आर्थिक बाबतीत त्यांची भूमिका कोणत्याही ‘लिबर्टेरियन’ विचारवंताशी जुळणारी होती. परंतु हेच राजाजी १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणणारे होते आणि अखेरपर्यंत दारूबंदीचे समर्थक राहिले. मंदिरप्रवेशाच्या कायद्यालाही त्यांनी चालना दिली. माणसाने काय प्यावे हे शासनाने ठरवू नये, हे ज्या विचारात आरंभीचे तत्त्व आहे, त्याचे नाव राजाजींना लावणे शक्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने राज्यसंस्थेची मर्यादा धर्माच्या, म्हणजे कर्तव्याच्या कल्पनेतून येत होती. शासन लहान असावे ते अशासाठी, की माणसाने आपले कर्तव्य स्वतः ओळखून करावे.

मसानींची पार्श्वभूमी पूर्णतः वेगळी होती. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी ते एक होते. सोव्हिएत दडपशाहीच्या अनुभवाने ते त्या विचारापासून दूर गेले. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईहून ‘फ्रीडम फर्स्ट’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९६४ मध्ये ‘इंडियन लिबरल ग्रुप’ स्थापन केला. वैयक्तिक नीतीच्या प्रश्नांवर ते राजाजींपेक्षा कितीतरी पुढे गेले होते. सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठीही त्यांनी पुढे संस्था उभारली. तरीही त्यांनी निवडलेले नाव ‘लिबरल’ हेच होते.

दारूबंदीचे समर्थक राजाजी आणि मरणाचा हक्क मागणारे मसानी हे एकाच पक्षात राहू शकले, कारण मूलभूत तत्त्वांपलीकडील प्रश्नांवर सदस्यांना मतस्वातंत्र्य देण्याचे धोरण पक्षाने स्वीकारले होते. ‘स्वतंत्र’ हे नाव या धोरणाला साजेसे होते. या नावात आर्थिक सिद्धांताचा उल्लेख नव्हता आणि ते सर्व भारतीय भाषांत समजणारे होते. मात्र या व्यापकतेची किंमतही पक्षाला द्यावी लागली. संस्थानिक व जमीनदार यांना पक्षात सहज प्रवेश मिळाला आणि धनिकांचा पक्ष ही टीका त्याला चिकटली. महाराष्ट्रात तर या पक्षाला फारसे बळ मिळाले नाही. प्रवरानगरच्या कारखान्यापासून (१९५०) सहकाराचा विस्तार येथे शेतकऱ्याच्या प्रगतीचा मार्ग म्हणून होत असताना, सहकारी शेतीविरुद्धची हाक ग्रामीण महाराष्ट्राला आपली वाटली नाही, हे त्याचे एक कारण मानता येईल.

महाराष्ट्रातील वैचारिक पार्श्वभूमी

मराठी विचारविश्वात हे नाव रुजले नाही याला आणखी जुनी कारणे आहेत. एकोणिसाव्या शतकातील मराठी उदारमतवाद मिल् व स्पेन्सर यांच्या वाचनावर वाढला. परंतु त्याच्यासमोरचा प्रश्न वेगळा होता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानात, निर्हस्तक्षेपाचे तत्त्व सर्व देशांना सर्व काळी लागू पडते या समजुतीवर टीका केली. वसाहतीच्या परिस्थितीत उद्योगवाढीसाठी शासनाचे साहाय्य त्यांना आवश्यक वाटत होते.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने हा प्रश्न अधिक टोकदार केला. विवाहितेच्या संमतीचे वय दहावरून बारा करणाऱ्या या कायद्याला टिळकांनी, परकीय शासनाने सामाजिक बाबतीत हस्तक्षेप करू नये या भूमिकेतून विरोध केला. व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते आगरकर मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. शासनाला मर्यादा घालण्याचा युक्तिवाद येथे रूढीच्या संरक्षणासाठी वापरला गेला, आणि बालिकेच्या स्वातंत्र्याला शासनाच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. व्यक्तीच्या स्वातंत्र्याला मुख्य धोका शासनाकडून आहे, हे पाश्चात्त्य स्वातंत्र्यवादाचे गृहीतक महाराष्ट्रातील सुधारकांच्या अनुभवाशी जुळत नव्हते. येथे जात, कुटुंब आणि धर्मरूढी याही बंधनकारक सत्ता होत्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात हाच मुद्दा आर्थिक क्षेत्रात मांडला. शासनाच्या नियंत्रणापासून मुक्तता म्हणजे स्वातंत्र्य असे म्हणताना, ते स्वातंत्र्य कोणाला मिळते हे विचारले पाहिजे. जमीनदाराला भाडे वाढविण्याचे आणि मालकाला वेतन कमी करण्याचे स्वातंत्र्य मिळत असेल, तर श्रमिकावर खाजगी मालकाची हुकूमत येते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. व्यक्ती हेच अंतिम मूल्य मानणाऱ्या विचारवंताने घेतलेला हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. व्यक्तिस्वातंत्र्याविषयी आस्था असलेला मराठी अभ्यासक ‘लिबर्टेरियन’ नाव स्वीकारताना थबकतो, त्यामागे हा वारसा आहे.

भाषेचाही प्रश्न होताच. ‘उदारमतवादी’ म्हटले की मराठी वाचकाला मवाळ राजकारण आठवते, तर ‘स्वातंत्र्यवादी’ म्हटले की परकीय सत्तेविरुद्धचा लढा डोळ्यांसमोर येतो. ‘लिबर्टेरियन’चा नेमका आशय सांगणारा सर्वमान्य शब्द मराठीत घडला नाही.

शरद जोशी : शेतकऱ्याच्या बाजूने स्वातंत्र्याचा विचार

या पार्श्वभूमीवर शरद जोशी (१९३५-२०१५) यांचे कार्य विशेष ठरते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक टपाल संघाच्या कार्यालयातील नोकरी सोडून ते भारतात परतले, आंबेठाण येथे कोरडवाहू शेती घेतली, १९७८ मध्ये चाकण परिसरात कांद्याचे आंदोलन केले आणि १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन केली. त्यांच्या विश्लेषणाप्रमाणे शेतकऱ्याचे दारिद्र्य हे निसर्गाचे वा अज्ञानाचे फळ नसून शासनाच्या धोरणाचे फळ होते. निर्यातबंदी, साठ्यांवरील मर्यादा, सक्तीची लेव्ही यांद्वारे शेतमालाचे भाव जाणीवपूर्वक पाडले जातात. अनुदान मिळणे दूरच, उलट उणे अनुदान शेतकऱ्याकडून वसूल केले जाते, असे ते मांडीत.

बाजारस्वातंत्र्याचा इतका स्पष्ट पुरस्कार महाराष्ट्रातील दुसऱ्या जनआंदोलनाने केला नाही. १९९० च्या दशकात डंकेल प्रस्तावाला पाठिंबा देण्याचे धैर्यही या संघटनेने दाखविले. तरीही या चळवळीला ‘लिबर्टेरियन’ म्हणण्यात अडचणी आहेत. तिची सर्वपरिचित मागणी रास्त भावाची, आणि ती शासनाकडे केलेली होती. शासनाने भाव पाडणे थांबवावे हा त्या मागणीचा सैद्धांतिक अर्थ असला, तरी आंदोलनात उतरलेल्या सामान्य शेतकऱ्याने तिचा अर्थ शासनाने भाव द्यावा असाही घेतला. शिवाय १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनाने आणि त्यानंतरच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमाने चळवळीची नजर कुटुंबातील सत्तेकडे वळविली. पत्नीच्या नावे जमीन करून देण्यासाठी कायद्याची वाट न पाहता शेतकऱ्यांना स्वेच्छेने प्रवृत्त करण्यात आले. मालमत्तेचा हक्क येथे स्त्रीच्या स्वातंत्र्याचे साधन झाला. आगरकरांचा प्रश्न आणि हायेक यांचे उत्तर यांची अशी सांगड पाश्चात्त्य नावात सामावणारी नव्हती.

१९९४ मध्ये जोशी यांनी राजकीय पक्ष काढला तेव्हा त्याला ‘स्वतंत्र भारत पक्ष’ असे नाव दिले. राजाजी व मसानी यांच्या पक्षाशी नाते सांगणाऱ्या ‘स्वतंत्र’ या शब्दाला त्यांच्या लेखनातील ग्रामीण ‘भारत’ जोडला गेला.

नावाची सक्ती

भारतात नावाचा प्रश्न केवळ पसंतीचा राहिला नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून लागू झालेल्या कलम २९-अ नुसार, नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा व्यक्त करणे बंधनकारक झाले. स्वतंत्र पक्षाच्या विचाराचा वारसा सांगणाऱ्यांना यामुळे प्रामाणिकपणे पक्षाची नोंदणी करणे अशक्य झाले, अशी त्यांची तक्रार होती. राज्यसभेचे सदस्य असताना (२००४-२०१०) शरद जोशी यांनी ही अट काढून टाकण्यासाठी खाजगी विधेयक मांडले होते; ते संमत झाले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्देशिकेतील या शब्दाला दिलेले आव्हान फेटाळताना, भारतीय संदर्भात समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य असून त्यामुळे खाजगी उद्योगाला प्रतिबंध होत नाही, असा अर्थ स्पष्ट केला.

या प्रकरणातील विरोधाभास बोलका आहे. ज्यांनी ‘लिबर्टेरियन’ हे नाव स्वेच्छेने नाकारले, त्यांना ‘समाजवादी’ हे नाव सक्तीने स्वीकारावे लागले. आणि ज्या शब्दाची शपथ घ्यावयाची, त्याचा अर्थ एवढा व्यापक केला गेला की त्याचा विरोधकही त्यात सामावू शकेल. परंतु शब्दाचा अर्थ विस्तारल्याने शपथ देणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न सुटत नाही. एखाद्या मतपत्रिकेवर उभे राहण्यासाठी नागरिकाने स्वतःस अमान्य असलेले नाव धारण करावे काय, हा प्रश्न डाव्या आणि उजव्या दोन्ही विचारांच्या अभ्यासकांनी विचारात घ्यावा असा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून नाव नाकारण्याची किमान चार कारणे वेगळी करता येतात. पहिले, शब्दाचा पूर्वेतिहास; तो कोणाकडून घेतलेला व कशाच्या बदली आलेला आहे, याची जाणीव. दुसरे, शासनाच्या व्याप्तीविषयीचे मतभेद. हायेक व फ्रीडमन यांनी मान्य केलेली किमान सुरक्षा हे त्याचे उदाहरण. तिसरे, तात्त्विक पायाविषयीचा आग्रह, जो रँड यांच्या ठिकाणी दिसतो. चौथे, स्वातंत्र्याचा शत्रू कोण याविषयीचा स्थानिक अनुभव. महाराष्ट्रात हे चौथे कारण सर्वांत प्रबळ ठरले, कारण येथे व्यक्तीला बांधणारी सत्ता शासनापेक्षा घरात, जातीत आणि गावात अधिक जवळून अनुभवास येत होती.

विचारांच्या इतिहासाच्या अध्यापनात विचारवंतांना नावांच्या चौकटींत बसविण्याची सवय सोयीची असते. ‘लिबर्टेरियन’ या चौकटीत हायेक, रँड, राजाजी, मसानी व जोशी यांना एकत्र बसविले, तर विद्यार्थ्याला त्यांच्यातील साम्य कळेल; पण दारूबंदी, मरणाचा हक्क, किमान जीवनमान आणि स्त्रीच्या नावची जमीन यांविषयी त्यांनी जे वेगवेगळे निर्णय घेतले, ते दृष्टीआड होतील. या विचारवंतांनी नाव नाकारताना दिलेली कारणे त्यांच्या विचाराचाच भाग आहेत, आणि त्यांचा अभ्यास त्याच भावनेने होणे आवश्यक आहे.